मनगटावरचं घड्याळ: कारागिरी कुठली आणि नुसता भपका कुठला

घड्याळ हातात आलं की बहुतेक जण आधी तबकडी बघतात, मग नाव वाचतात आणि मग किंमत विचारतात. जाणकार माणूस ते आधी उलटं करतो. पैठणी घेताना घरातली मोठी बाई पदराची मागची बाजू बघते; हातमागावरची असेल तर ती मागूनही तितकीच स्वच्छ असते, धागे लोंबत नाहीत. घड्याळाची पारखही मागूनच सुरू होते. बनवणाऱ्यानं मेहनत आणि पैसा कुठे घातला? घड्याळाचं काम चालतं तिथे, की समोरच्याच्या नजरेत भरतं तिथे? हा एक प्रश्न धरून ठेवला तर उत्तम घड्याळ आणि चमको घड्याळ यांतला फरक बराचसा आपोआप कळायला लागतो.

किमतीवरून मात्र तो कळत नाही, मुंबईत तर नाहीच. इथे फुटपाथवर पाचशेला घड्याळ मिळतं, मॉलमध्ये दहा हजाराला आणि मोठ्या शोरूममध्ये दहा लाखाला. भपका या तिन्ही ठिकाणी भेटतो. आणि मन लावून केलेलं काम कधी कधी आजोबांच्या कपाटात पडून राहिलेल्या चावीच्या घड्याळात सापडतं.

दादरला, गिरगावात, परळला अजूनही असे घड्याळजी आहेत ज्यांचं अख्खं दुकान म्हणजे एक काचेची पेटी, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. त्यांच्यापुढे एखादं जुनं एचएमटी जनता उघडलेलं दिसलं तर जरा थांबा. एचएमटीनं १९६१ साली बंगळुरूत जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता हे त्यांचं अगदी साधं, चावीचं घड्याळ. तबकडीवर फार काही नाही, बऱ्याच घड्याळांवर देवनागरीत नाव आणि खाली एक-दोन ओळी. मागचं झाकण निघालं की मशीन दिसतं. घड्याळजींनी चावीला दोन वळसे दिले की मघापासून निपचित पडलेलं एक चाक एकदम हलायला लागतं, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. हे बॅलन्स. त्याच्या पोटाशी केसाहून बारीक तारेचं वेटोळं असतं, हेअरस्प्रिंग. ते आवळतं, उलगडतं, परत आवळतं. घड्याळातली वेळ जन्माला येते ती या दोघांत. बाकीचं सगळं त्यांना हलतं ठेवण्यासाठी आणि त्यांचे झोके मोजण्यासाठी.

काम असं चालतं. आपण चावी देतो तेव्हा एका डबीत गुंडाळलेली कमान आवळली जाते. तिला सुटायची घाई असते; मोकळी सोडली तर क्षणात सगळी सुटून जाईल. तिचा जोर दातेरी चाकांतून पुढे पुढे सरकत शेवटच्या चाकापर्यंत येतो, आणि तिथे पॅलेट नावाचा दोन टोकांचा चिमुकला तुकडा त्या चाकाला अडवतो. बॅलन्सचा एक झोका झाला की पॅलेट एक दात सोडतं आणि लगेच दुसऱ्या टोकानं चाक पुन्हा अडवतं. सोडता सोडता बॅलन्सला हलकासा धक्का देतं, म्हणून बॅलन्स थांबत नाही. पॅलेटच्या टोकांना माणकाचे खडे असतात. ते चाकाच्या दातांवर आदळतात, तो आवाज म्हणजे टिकटिक.

जनतामध्ये ही टिकटिक सेकंदाला ५ वेळा होते. आजच्या बऱ्याच ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळांत ८ वेळा, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० वेळा. असं घड्याळ दिवसाला ५ सेकंद चुकलं तर ती चूक ०.००६ टक्क्यांच्या आतली असते. सेल नाही, चिप नाही, निव्वळ धातूचे तुकडे एकमेकांना ढकलतायत आणि हिशोब इतका नेमका! मला या गोष्टीचं आजही तितकंच अप्रूप वाटतं.

आता खरी अडचण. हा झोका दिवसभर, वर्षभर तितकाच वेळ घेईल याची खात्री कोण देणार? उकाडा वाढला की साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग सैलावते आणि घड्याळ मागे पडतं. यावर तोड निघाली ती निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंमुळे. त्यांवर काम करणारा स्विस शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम याला १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मनगटावर न दिसणाऱ्या एका तारेमागे केवढं काम उभं आहे, हे त्यावरून कळावं.

दुसरी अडचण गुरुत्वाकर्षणाची. रात्री घड्याळ टेबलावर उताणं ठेवलं की बॅलन्सचा आस उभा राहतो, एका टोकावर फिरतो आणि घर्षण कमी होतं. लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहिलात की तोच आस आडवा होतो, त्याची दोन्ही टोकं कडेनं घासायला लागतात आणि झोका आखडतो. म्हणून एकच घड्याळ रात्री थोडं पुढे आणि दिवसा थोडं मागे जातं. उत्तम घड्याळात कारागीर ते वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून मोजतो, बॅलन्सचं वजन आणि हेअरस्प्रिंगचा आकार कणभर बदलतो, परत मोजतो, परत बदलतो. या कामाचा बाहेर कुठे मागमूस दिसत नाही. महागड्या घड्याळाच्या किमतीतला सगळ्यात प्रामाणिक भाग माझ्या मते हाच.

हे काम झालंय की नाही, याची तपासणी बाहेरच्या संस्था करतात. स्वित्झर्लंडमधली सीओएससी प्रत्येक मशीन १५ दिवस, ५ बाजूंनी आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशा ३ तापमानांत तपासते. दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत राहिली, शिवाय इतर काही अटी पुऱ्या झाल्या, तरच त्याला क्रोनोमीटर म्हणता येतं. जपानची ग्रँड सेइको आपल्या यांत्रिक घड्याळांना १७ दिवस आणि ६ बाजू लावते आणि उणे ३ ते अधिक ५ ची मर्यादा पाळते. विक्रेते बऱ्याचदा क्रोनोमीटर आणि क्रोनोग्राफ एकच असल्यासारखं बोलतात. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, एवढंच. त्याचा अचूकपणाशी काही संबंध नाही.

याच गुरुत्वाकर्षणावरचा एक प्रसिद्ध उपाय म्हणजे तूर्बियाँ. अब्राहम-लुई ब्रेगे यानं १८०१ साली त्याचं पेटंट घेतलं. बॅलन्स, पॅलेट सगळं एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच सावकाश फिरवायचा, म्हणजे प्रत्येक बाजूची चूक एकमेकींना खोडून काढते. ते घड्याळ खिशातलं होतं, दिवसभर एकाच बाजूनं उभं राहणारं. मनगट मुळात सतत फिरत असतं, त्यामुळे हातातल्या घड्याळाला त्याचा फायदा अगदी थोडा. तरीही उत्तम कारागिरानं बनवलेलं तूर्बियाँ बघण्यासारखं असतं, कारण ते बनवणं अवघड आहे. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. स्वस्त घड्याळाच्या तबकडीला भोक पाडून आतलं साधं बॅलन्स दाखवतात आणि ते तूर्बियाँ म्हणून विकतात. ओळखायचं सोपं आहे: भोकातलं चाक नुसतं मागेपुढे हलत असेल आणि त्याच्याभोवतीचं सगळं जागच्या जागी स्थिर असेल, तर ते तूर्बियाँ नाही.

जुन्या घड्याळांवर "१७ ज्वेल्स" लिहिलेलं असायचं आणि घराघरांत ते अभिमानानं सांगितलं जायचं. हे माणकाचे कृत्रिम खडे. दागिना म्हणून त्यांची किंमत नगण्य, पण माणिक अतिशय कठीण आणि गुळगुळीत असतं, त्यामुळे पोलादी आस त्यात वर्षानुवर्षं फिरला तरी भोक मोठं होत नाही. साध्या चावीच्या घड्याळाला १७ खडे पुरतात. ऑटोमॅटिकला थोडे जास्त लागतात. आकडा मोठा तर घड्याळ भारी, असा समज पसरल्यावर काही कंपन्यांनी काहीही काम न करणारे खडे नुसते बसवून आकडा शंभरापर्यंत नेला. शेवटी १९७४ साली आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि काम करणारे खडे कुठले, शोभेचे कुठले, याची व्याख्या ठरली. चमकोपणा घड्याळाच्या पोटातही शिरू शकतो, त्याचं हे नमुनेदार उदाहरण.

त्याच तबकडीवरचा "पॅराशॉक" हा शब्द मात्र प्रत्येक अक्षराला जागणारा. बॅलन्सच्या आसाची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी बारीक असतात. घड्याळ फरशीवर पडलं की पूर्वी तीच मोडायची. म्हणून टोकाचा खडा एका छोट्या स्प्रिंगखाली बसवतात. दणका बसला की खडा किंचित सरकतो, टोक वाचतं आणि स्प्रिंग त्याला परत जागेवर आणते. सामान्य माणसाच्या घड्याळात ही सोय देणं मला कुठल्याही सोन्याच्या मुलाम्यापेक्षा मोठं वाटतं.

मग सेलवरच्या घड्याळाचं काय? वेळ अचूक दाखवणं एवढीच कसोटी लावली तर यांत्रिक घड्याळ केव्हाच हरलं. सेइकोनं २५ डिसेंबर १९६९ ला अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. आज क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो आणि सेकंद काट्याला एक पाऊल मिळतं. हजार रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५-२० सेकंद चुकेल. लाखांचं यांत्रिक घड्याळ तेवढं दोन-चार दिवसांत चुकू शकतं. तुम्हाला ८:४७ ची फास्ट पकडायची असेल तर क्वार्ट्झ घ्या, नाहीतर मोबाइल बघा.

म्हणून "यांत्रिक ते भारी, सेलवालं ते हलकं" हे मला पटत नाही. टायटननं २००२ साली बाजारात आणलेलं एज बघा. पूर्ण घड्याळाची जाडी ३.५ मिलिमीटर आणि आतल्या मशीनची १.१५ मिलिमीटर, तरी पाण्याच्या शिंतोड्यांना दाद न देणारं. होसूरच्या कारखान्यात झालेलं हे काम कुठल्याही देशाला अभिमान वाटावा असं आहे, आणि बाहेरून ते इतकं शांत दिसतं की लक्षही जाणार नाही. ग्रँड सेइकोचं ९एफ हे १९९३ सालचं क्वार्ट्झ मशीन वर्षाला अधिक-उणे १० सेकंदांच्या आत राहतं. त्यासाठी ते लोक स्फटिक ३ महिने मुरवत ठेवतात, मग त्यातले स्थिर निघालेले निवडतात. सेकंद काटा खुणेवर येऊन थरथरू नये म्हणून त्यात वेगळी बारीक स्प्रिंग आहे. याउलट फॅशनच्या नावावर विकल्या जाणाऱ्या कित्येक घड्याळांत काहीशे रुपयांचं, बरंचसं प्लॅस्टिकचं मशीन असतं. ते बिघडलं की दुरुस्त होत नाही. घड्याळजी सरळ सांगतात, "मशीन बदलून टाकू." बाकीचे पैसे तुम्ही तबकडीवरच्या नावाला दिलेले असतात.

दुकानात मागचं झाकण काही कोणी उघडून देत नाही. तरी नुसत्या तबकडीवरून बरंच कळतं. मिनिट काट्याचं टोक मिनिटांच्या खुणांपर्यंत पोचतं का, हे आधी बघा. आखूड काटा म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी मापासाठी केलेले काटे आणून बसवलेत. मग तारखेची खिडकी. ४४-४६ मिलिमीटरच्या दांडग्या घड्याळात ती कडेला असायच्या ऐवजी मध्याकडे सरकलेली दिसली, तर आत चिमुकलं मशीन आहे आणि भोवती पोकळी. छोट्या तबकड्या मध्यभागी दाटीवाटीनं बसल्या असतील तरी तेच. काही स्वस्त घड्याळांत तर त्या नुसत्या छापलेल्या असतात, काटे हलतच नाहीत. खरं घड्याळ मशीनच्या मापानं वाढतं, म्हणूनच कित्येक नामांकित जुनी घड्याळं ३४-३६ मिलिमीटरची आहेत आणि मनगटावर अगदी चपखल बसतात.

निळे काटे दिसले तर घड्याळ प्रकाशात हळूहळू फिरवा. पोलादी काटा साधारण ३०० अंशांपर्यंत तापवला की तो आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळा आणि मग निळा होतो. त्या क्षणी तो आचेवरून काढावा लागतो, जरा उशीर झाला की रंग उडतो. असा काटा एका कोनातून काळा दिसतो आणि दुसऱ्या कोनातून एकदम गडद निळा पेट घेतो. रंग मारलेला काटा कुठूनही बघा, सारखाच निळा.

मशीनवरच्या सजावटीबद्दल बरंच लिहिलं जातं, आणि त्यातच सगळ्यात जास्त फसवणूक होते. मशीनच्या पट्ट्यांवर समांतर रेघा असतात, खाली गोल गोल ठिपक्यांची नक्षी असते. आज या दोन्ही गोष्टी यंत्रावर भराभर होतात आणि मागून काच लावून दाखवल्या जातात, त्यामुळे रेघा दिसल्या की भारावून जायचं कारण नाही. बघायच्या त्या कडा. धातूची पट्टी कापली की तिची कड खरखरीत राहते. उत्तम घड्याळात ती कड ४५ अंशांत तासून उतरती करतात आणि लाकडाच्या काडीवर, बारीक पावडर लावून घासून घासून आरशासारखी करतात. युरा डोंगरातले कारागीर यासाठी जेन्शियन नावाच्या झाडाचं वाळलेलं देठ वापरतात. दोन उतरत्या कडा जिथे आतल्या बाजूला एकमेकींना भेटतात तो कोपरा भिंगातून बघा. फिरणारं यंत्र तिथे पोचलं तर कोपरा गोल होतो, कारण फिरणाऱ्या अवजाराला जाडी असते. धारदार, टोकदार आतला कोपरा दिसला तर समजा की तिथे माणूस कानस घेऊन बसला होता.

याहून अवघड काम म्हणजे काळं पॉलिश. छोटा पोलादी तुकडा जस्ताच्या किंवा कथलाच्या पाटीवर हिऱ्याच्या पेस्टनं इतका घासायचा की पृष्ठभाग एकदम सपाट होतो. मग तो एका कोनातून काळाकुट्ट आणि जरा हलवला की पांढराफेक दिसतो; मधली करडी छटा नाहीच. एक स्क्रूचं डोकं असं करायला कारागिराचा केवढा तरी वेळ जातो. याचा अचूकपणाला फार फायदा होतो असं मी म्हणणार नाही. कडा साफ केल्यानं धातूचे कण सुटत नाहीत, चकचकीत पोलाद सहज गंजत नाही, इतपत उपयोग आहे. बाकी हे सौंदर्य आहे, आणि ते झाकणाच्या आत, मालकालाही रोज न दिसणाऱ्या जागी केलेलं आहे. स्वित्झर्लंडच्या वाले द जू खोऱ्यातले फिलिप ड्युफुर यांनी सिम्प्लिसिटी नावाचं घड्याळ बनवलं. समोरून तास, मिनिट आणि खाली छोटा सेकंद काटा, बस. जगभरचे घड्याळजी ते उलटं करून तासन्‌तास बघतात. जर्मनीतल्या ग्लासह्युटेच्या ए. लांगे उंड झ्योने कंपनीत तर मशीन एकदा पूर्ण जोडतात, तपासतात, सगळं सुटं करतात, साफ करून सजवतात आणि परत जोडतात.

मशीन कंपनीनं स्वतः बनवलेलं हवं, असा एक आग्रह हल्ली ऐकू येतो. त्यात फारसा अर्थ नाही. रोलेक्सच्या डेटोनामध्ये १९८८ ते २००० पर्यंत झेनिथच्या मशीनवर आधारलेलं मशीन होतं आणि त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. बाहेरून घेतलेलं भरवशाचं मशीन नीट जुळवून दिलं तर ते घरच्या कच्च्या मशीनपेक्षा केव्हाही बरं. शिवाय त्याचे सुटे भाग मुंबईत मिळतात.

पोलाद आणि सोनं यांचंही तसंच. ऑडमार पिगेनं १९७२ साली जेराल्ड जेंटा यांच्या आराखड्यावरून रॉयल ओक हे पोलादी घड्याळ काढलं आणि किंमत ठेवली ३,३०० स्विस फ्रँक, त्या काळच्या कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त. लोक चक्रावले. पण त्याच्या अष्टकोनी चौकटीवर आणि पट्ट्याच्या एकेका कडीवर मंद घासलेला भाग आणि आरशासारखी कड यांच्यामध्ये जी काटेकोर रेघ आहे, ती पोलादासारख्या कठीण धातूत आणणं हे सोनं वितळवण्यापेक्षा अवघड आहे. पैसा कामाला होता. उलट बाजूला, २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमन या अभिनेत्याचं स्वतःचं डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. त्यातलं मशीन वालजू ७२ वर आधारलेलं, जे त्या काळी बऱ्याच कंपन्या वापरत. घड्याळ चांगलंच आहे, पण ती किंमत त्या माणसाची आणि त्या गोष्टीची. कारागिरी मोजायला लिलावाचा आकडा उपयोगाचा नाही.

आता आपल्या गावाबद्दल. जुन्या घड्याळांच्या जगभरच्या शौकिनांत "मुंबई स्पेशल" असं एक नाव प्रचलित आहे, आणि ते कौतुकाचं नाही. जुन्या एचएमटी, फेवर ल्युबा, सेइको फाइव्ह यांची तबकडी नव्यानं रंगवायची, हाताला येतील ते काटे लावायचे, केस म्हणजे बाहेरचं धातूचं कवच घासून चकचकीत करायचं आणि इंटरनेटवर जुनं अस्सल म्हणून विकायचं. भडक केशरी किंवा पोपटी तबकडी, जाड आणि किंचित वाकडी अक्षरं, एकाच घड्याळात दोन काळांचे काटे, ही त्याची लक्षणं. मुंबईकर म्हणून मला हे लागतं. चोर बाजारातल्या आणि इतर ठिकाणच्या ज्या हातांनी ही घड्याळं चालू केली ते हात कुशल आहेत; सुटे भाग मिळत नसताना बंद पडलेलं मशीन परत टिकटिकायला लावणं सोपं नाही. रंगवलेली तबकडी रंगवलेली म्हणून विकली तर त्यात काहीच वावगं नाही. अस्सल म्हणून विकणं हा गुन्हा आहे. फर्स्ट कॉपीबद्दल तर बोलायलाच नको: त्यात प्रत्येक रुपया दुसऱ्याला फसवण्यावर खर्च झालेला असतो, आणि कायद्यानंही तो माल बेकायदेशीर.

मुलामा आणि खडे यांच्याकडेही जरा सावधपणे बघा. सोन्याचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खाली पितळ असेल तर मुंबईचा घाम तो थर वर्षा-दोन वर्षांत खातो. मनगटाला टेकणाऱ्या बाजूला आधी डाग, मग हिरवट खड्डे. साधं ३१६एल जातीचं स्टेनलेस पोलाद इथल्या खाऱ्या हवेत खूप जास्त टिकतं. बाहेर नेऊन हिरे जडवून घेतलेल्या महागड्या घड्याळाची तर मला कीव येते. केसला भोकं पाडली की पाणी रोखायची खात्री गेली, कंपनीची वॉरंटी गेली आणि मूळ कारागिरानं राखलेल्या रेघाही गेल्या.

पाण्यावरून आठवलं. झाकणावर "३० मीटर" लिहिलं असलं तरी ते घालून पोहायचं नाही. तो प्रयोगशाळेतला स्थिर दाब आहे. हात धुणं, पावसाची सर, इथपर्यंतच ठीक. पोहायला १०० मीटर लिहिलेलं घ्या. आणि आतले रबरी वायसर कालांतराने कडक होतात, म्हणून जुनं घड्याळ पावसाळ्यात घालण्याआधी ते बदलून घ्यावेत. काच नीलमची असेल तर ती चाव्यांनी, नाण्यांनी सहज चरत नाही. जुन्या घड्याळांची अ‍ॅक्रिलिकची काच पटकन चरते, पण पॉलिशची पेस्ट लावून घरच्या घरी साफही होते, आणि फुटली तर नवीन काच स्वस्तात बसते.

सर्व्हिसिंग साधारण ५ वर्षांनी करून घ्या. आतलं तेल सुकतं आणि मग धातू धातूवर घासतो. घड्याळ वेळ बरोबर दाखवत असतानाही ही झीज चालूच असते. घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा त्याला चुंबक लागलेलं असतं. स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, टॅबचं कव्हर, काहीही कारण असू शकतं. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. घड्याळजींकडे छोटं यंत्र असतं, मिनिटभरात काम होतं. चांगल्या घड्याळजींकडे टाइमग्राफरही असतो, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळ किती पुढे-मागे जातंय ते दाखवणारं यंत्र. सर्व्हिसिंग झाल्यावर त्यावर घड्याळ उताणं आणि उभं अशा दोन-तीन बाजूंनी लावून दाखवायला सांगा. ज्यांनी काम नीट केलंय ते आनंदानं दाखवतात.

आणि घड्याळ परत देताना ते हमखास विचारतील, "केस पॉलिश मारून देऊ का?" नको म्हणा. बफच्या चाकावर कडा गोल होतात, घासलेली आणि चकचकीत बाजू एक होऊन जाते, आणि गेलेला धातू परत येत नाही.